पळसावर टांगलेल्या ब्रेकच्या वायरी

“गिअरची तुटलेली वायर जोडून दिली तं चालते, मैना. ब्रेकची कधी जोडू नको, नवीच टाक. गिअर सुटला तं माणूस उशिरा पोचते. ब्रेक सुटला तं पोचतच नाही.” बाभुळगावातलं सायकलचं दुकान बायकोच्या हाती देताना सदाशिवराव हे सांगून गेले होते. आज टेकडीवरच्या गर्दीत मैनाबाईंच्या कानात तोच आवाज होता.

सायकलवाले महाराज पक्कड उंचावून गात होते, “संशय सोडा, वायर तोडा! थांबवणारा तो!” त्यांनी आपल्याच सायकलची हँडलजवळची वायर कचकन तोडली. चेला त्याच सायकलवर बसून, दोन्ही हात हवेत धरून उतारावर सुटला आणि खाली पारापाशी अलगद थांबला. लोक गहिवरले. आपापल्या ब्रेकच्या वायरी काढून नवसाच्या चिंध्यांसारख्या पळसाला बांधू लागले.

परवा उकंडाच्या लेकीनं, वैष्णवीनंही वायर वाहिली. ती उतारावर सुटली, पण पारापाशी थांबली नाही. यवतमाळच्या दवाखान्यात पायात सळई घालून पडली आहे. पोरीची श्रद्धा कच्ची, असा महाराजांनी निकाल दिला, तेव्हापासून ती घास घेईना. आज सकाळी दवाखान्यात तिनं मैनाबाईंना विचारलं, मावशी, माझंच चुकलं ना? पाहून येते आणि खरं काय ते आजच सांगते, असा शब्द मैनाबाईंनी दिला होता.

आणि इथं उकंडा वायर काढलेली सायकल घेऊन उताराच्या तोंडाशी उभा.

“नका जाऊ, उकंडाभाऊ.”

“लेकीचं उणं बापालेच भरा लागते, वहिनी. तुम्ही तं रोजच्या नेमधर्मवाल्या. तुम्हीच काहून अडवून राह्यल्या?”

मैनाबाई पुढं झाल्या. चेल्यानं वर आणलेल्या महाराजांच्या सायकलला त्यांनी मनापासून हात जोडले, सीटखालच्या भगव्या कापडाला हात लावला, आणि बोटाला तुरीच्या दाण्याएवढा गोळा लागला. वायरीला वायर जोडायचा कनेक्टर! गिअरच्या वायरींना असे किती कनेक्टर त्यांनी स्वतः कसले होते. त्यांनी कापड ओढलं. हँडलची तुटलेली वायर वीतभर जाऊन संपत होती, कुठंच पोचत नव्हती. खरी वायर मागच्या ब्रेकपासून निघून त्या जोडातून सीटखालच्या लिव्हरला गेली होती. मांडी दाबली की ब्रेक.

बाईनं विटाळ केला म्हणून महाराज ओरडले. मैनाबाईंनी पिशवीतून पाना काढून जोडाचे दोन्ही स्क्रू ढिले केले, तो काढून घेतला आणि चेल्याला हळूच म्हणाल्या, “आता जा बापू खाली. श्रद्धा तं पक्की आहे तुझी.”

चेला बसेना. महाराजांनी डोळे वटारले, तरी बसेना.

“मंग महाराज, तुम्हीच बसा,” गर्दीतून कोणी म्हणालं. महाराजांना एकाएकी ध्यान लागलं.

उकंडाच्या हातून सायकल पडली. “मंग माह्या पोरीचं काय चुकलं होतं?”

“काहीच नाही, भाऊ.” मैनाबाई लोकांकडे वळल्या. “देवाचं नाव घेतल्याबिगर मी घोटभर चहा घेत नाही. पण त्यानं डोळे अन् बोटं दिली कायले? चमत्कार दिसला की आधी कापड उचलून पाहा. लेकरू उतारावर सोडायच्या आधी तरी पाहा.”

लोक पळसाच्या वायरी सोडू लागले. कोणाची कोणती, कळेना. त्या गडबडीत मैनाबाईंनी तो जोड पदराच्या गाठीत बांधला आणि कोणाला न सांगता यवतमाळच्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागल्या.