मेन पाडू नको

"मशीन बंद पडनं भाऊ. मेन पाडू का?"

मदतनीस वनाचा हात मेन स्विचवर होता. वायरमन सरदारभाई अनवाणीच धावले. "हात काढ."

"तुम्हीच शिकाडेल शे ना?"

खरं होतं. जळगावच्या या केळी पिकवायच्या खोल्यांत वीस वर्षं त्यांनी हाच धडा दिला होता. अडलं की मेन पाड, दहा मोज, चढव. तेव्हा मशीनच्या पेटीत रिले होते, टकटक करत जुळणारे स्विच. नुसत्या टकटकीवरून कोणता दमलाय ते सरदारभाई दारातून सांगत.

आता पेटीत छोटा कॉम्प्युटर. महिन्यात चारदा बंद पडला. चारही वेळा वनाने मेन पाडला आणि कारण पुसलं गेलं. सरदारभाई पेटीला दोष देत होते. मालक प्रेमचंदशेठ म्हणाले, पुन्हा बंद पडलं तर पेटी बदलीन आणि वायरमनही.

बंद पडण्याआधी

रविवारी सरदारभाईंची कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, निलोफर, पुण्याहून आली. तिने पेटीतल्या कॉम्प्युटरच्या मेमरीचा एक कोपरा राखून ठेवला. कोसळताना मशीन शेवटच्या ओळी तिथे लिहील. मेन न पाडता पेटीवरचं लहान बटण दाबून सुरू केलं तर ओळी टिकतील. वीज तोडली तर गेल्या.

बंद पडल्यावर

सरदारभाईंनी लहान बटण दाबलं. पडद्यावर ओळी आल्या. फोनवरून त्या निलोफरला दाखवल्या.

तिने त्या दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "अब्बा, तीन नंबरचा सेन्सर. तार सैल असेल."

तीन नंबर. त्याच्या तारेचा सांधा त्यांनी घरी अंगणात केला होता. बायको आबेदा तार धरून बसलेली. हात तुमचा थरथरतोय आणि ओरडता मला, म्हणून हसलेली. तो तिचा शेवटचा रमजान. नंतर बाकी सगळ्या तारा त्यांनी बदलल्या. ही नाही.

"कोनी चूक निघनी भाऊ?" वनाने विचारलं.

शेठ यायला दहा मिनिटं होती. मेन हाताशी होता.

सरदारभाईंनी केळीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. पडद्यावरच्या ओळींची इंग्रजी अक्षरं एकेक करून, चित्र काढावं तशी उतरवली. खाली मराठीत लिहिलं: सांधा माझा. सरदार. पुठ्ठा पेटीच्या दारावर चिकटवला.

"आता पाड," ते वनाला म्हणाले.

पडदा काळा झाला. त्यांनी पकडीने सांधा कापला, बोटभर तार खिशात ठेवली आणि नवी तार सोलायला घेतली.