बसल्या माणसाचं माप

थांबा, किक मारू नका. आज मी आपणहून सुरू झालेय. मी टेलरमास्तरांची मोटरसायकल बोलतेय. वय एकतीस. रंग मुळात काळा. आता कुठं काळा, कुठं गंज, आणि डाव्या बाजूच्या ओरखड्यावर मालकीणबाईंनी फासलेलं लाल नेलपॉलिश. शिक्षण म्हणाल तर शाळेच्या फाटकाबाहेरचं. मास्तर गणवेशांची मापं घ्यायला आत जायचे आणि मी बाहेर उभी राहून पाढे ऐकायची. मला सत्तावीसपर्यंत येतात. त्याच्या पुढं घंटा व्हायची.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी एका रांगेत जन्मल्या. सगळ्यांना एकच सीट, एकच हँडल, पाय ठेवायच्या दांड्याही एकाच जागी. तुझ्यावर बसणार कोण, उंच की बुटका, हे कुणी विचारलं नाही. गाडी बनवताना म्हणे मधल्या उंचीचा एक माणूस मनात धरलेला असतो. तो मला एकतीस वर्षांत भेटला नाही. तुम्हाला भेटला तर पाठवून द्या, एक चक्कर मारून आणीन म्हणते.

पहिला मालक विमा विकणारा. तो इतका उंच, की माझ्यावर बसला की टोळ बसल्यासारखा दिसायचा, गुडघे थेट हँडलपर्यंत. लोकांना मरणाची भीती घालायचा आणि वळणावर स्वतः डोळे मिटायचा. सहा वर्षांनी त्यानं मला मास्तरांच्या हवाली केलं आणि सुटलो बुवा असं म्हणून चालत गेला. मी पण तेच म्हटलं, पण माझं कोण ऐकतंय.

मास्तर म्हणजे उलटं प्रकरण. पाठ लांब, पाय आखूड. घराच्या पुढच्या खोलीत दुकान; दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. निम्मी गिऱ्हाइकं दुकानात येतात, निम्म्यांना येता येत नाही. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी बाळंतीण. एक किराणावाला तर पोटाचा घेर चारचौघांत मोजू द्यायला लाजतो. चाकाच्या खुर्चीतले एक निवृत्त हेडमास्तर आहेत, ते अजून रोज कडक इस्त्रीची पँट घालून कुठंही न जाता बसतात. अशांच्या घरी मास्तर गळ्यात टेप टाकून माझ्यावरून जातात. ही निम्मी गिऱ्हाइकं माझी. मालकीणबाईंना हे मान्य नाही, पण त्या मला तशाही सवतच समजतात. ‘तुमची ती’ म्हणतात. नाव घेत नाहीत.

माझ्या खोड्याही सांगते, लपवायचं काय त्यात. पांढरी पँट जवळ आली की माझं ऑइल बरोबर तिथंच गळतं. मालकीणबाईंचा भाऊ बेकरी चालवतो. तो कधी मला मागून न्यायला आला, की मी त्याला मोजून सात किका मारायला लावते. मग तो घामाघूम होऊन बाजूला झाला, की मास्तरांच्या पहिल्याच किकेला सुरू. त्याचं तोंड तेव्हा भट्टीत फुगायचं राहिलेल्या पावासारखं होतं. या आनंदावर मी दहा वर्षं काढलीत.

पण गेल्या हिवाळ्यात हसू जरा आटलं. मास्तर घरी आले की कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, लगेच बसायचे नाहीत. उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची. एक दिवस मी दारातून पाहिलं, त्यांनी सुईत दोरा घालायला सात वेळा प्रयत्न केला. सात किका मला गमतीच्या वाटतात. सुईच्या सात खेपा नाही वाटल्या. शेवटी मालकीणबाईंनी सुई घेतली, दोरा ओवला आणि परत त्यांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी सांगितलं, पुढं वाकून हँडलवर भार टाकता, म्हणून मनगटाची नस दबते आणि कंबर धरते. बसायची पद्धत बदला, नाहीतर गाडी विका. बोटं गेली तर शिवणार कशानं?

बातमी बेकरीत पोचायला पाव फुगण्याइतकाही वेळ लागला नाही. मेहुणा हजर. त्याचं म्हणणं असं, की मी त्याला हवीच आहे. मागं दोन क्रेट बांधता येतील, सकाळचे पाव पोचवता येतील. मास्तरांनी बिनगाडीची गिऱ्हाइकं सांभाळावीत. मास्तर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाही जमलं तर घेऊन जा. मेहुण्यानं जाता जाता माझ्या पाठीवर क्रेटची रुंदी वितीनं मोजली. मी त्याच्या बुटावर ऑइलचा एक टपोरा थेंब सोडला. माप घेतलंस, पावती घेऊन जा.

मग सुरू झाली खरेदी. आरामाच्या सामानाची एवढी दुनिया असते हे मला म्हातारपणी कळलं. जाड जेलची सीट, हँडल उंच करणारे ठोकळे, पाठीला टेकू, मुठींवर चढवायचे स्पंजचे मऊ हातमोजे, वारा अडवायची काच. मास्तरांनी ठरवलं, जे घ्यायचं ते मापानं घ्यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस. आरशासमोर ताठ उभे राहिले, छाती पुढं, हात सरळ खाली, आणि स्वतःचं स्वतःच टेप लावलं. खांद्यापासून मनगट, कंबर, पायाची आतली लांबी. वहीत लिहिलं. ती वही घेऊन फिटरकडे गेले आणि त्या मापानं एकेक वस्तू निवडली. फिटर म्हणाला, एकदा बसून तर बघा. मास्तर म्हणाले, “चाळीस वर्षं माप घेतोय, माझं माप चुकत नाही.”

मी तेव्हाच हसले होते. सायलेन्सरमधून.

सगळं चढवल्यावर मी कशी दिसत होते म्हणता? लग्नाच्या बसमध्ये नटून बसलेल्या चुलत आजीसारखी. पहिल्याच दिवशी डावीकडे वळताना उंच हँडलमुळे अॅक्सिलरेटरची तार ताणली गेली आणि मी आपोआप गुरगुरले. मास्तर घाबरले, मला मात्र फार मजा आली. दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबलो. सीट एवढी जाड, की मास्तरांचे पाय जमिनीला लागेनात. आम्ही दोघं अगदी सावकाश, एकमेकांचा निरोप घेत घेत, शेजारच्या गादीवाल्याच्या हातगाडीवर आडवे झालो. गादीवाल्यानं एवढंच विचारलं, की कापसाची दाखवू की फोमची.

आणि तो टेकू. कमरेच्या मापानं लावलेला, पण सीटचा फोम दबून मास्तर दोन इंच खाली गेले आणि टेकू थेट बरगड्यांत. बोटं पूर्वीपेक्षा जास्त बधिर. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्याला दोष दिला: फोमला, ठोकळ्यांना, फिटरला, माझ्या वयाला. स्वतःच्या टेपला नाही दिला. महिना संपायला चार दिवस होते.

शेवटच्या रविवारी मेहुणा आलाच, हातात दोरी आणि दोन रिकामे क्रेट. मास्तरांनी किल्ली त्याच्यासमोर इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, ने. मग माझ्याकडे न बघता आत गेले आणि हेडमास्तरांची तयार पँट घडी करायला लागले. ती कशी पोचवायची, हा प्रश्न त्यांच्या हातात त्या पँटसारखाच लोंबत होता.

मालकीणबाई काजं करत होत्या. त्यांनी चष्म्यावरून ती पँट पाहिली. मागून उंच, पुढून खाली कापलेली, गुडघ्यात सैल.

“अहो, ही पँट अशी तिरकी का कापलीत?”

“हे काय विचारणं? ते बसलेले असतात. उभ्याच्या मापानं शिवली तर मागून खाली सरकेल आणि पुढून पोटात रुतेल.”

“म्हणजे त्यांचं माप बसवूनच घेतलंत.”

“मग काय उभं करून घेऊ?”

“आणि गाडीवर तुम्ही उभं राहून जाता का हो?”

मास्तरांची घडी अर्धवट राहिली. मला सगळं स्वच्छ ऐकू आलं, कारण मी दारातच होते आणि मी ऐकायची सवय शाळेत लावून घेतलीय. मास्तरांनी वही उघडली, मापं बघितली, मिटली. चाळीस वर्षांची अक्कल एका तिरक्या पँटनं धुऊन वाळत घातली होती. मेहुणा फिस्सकन हसला आणि ताईनं बघताच गप्प झाला.

मग त्या बाईनं जे केलं ते ऐका. मास्तरांच्या गळ्यातलं टेप काढून आपल्या गळ्यात घातलं. म्हणाली, चला, बसा. मी डबल स्टँडवर उभी असताना माप खोटं येईल, म्हणून मला चाकांवर सरळ धरायला माणूस हवा होता. कोण धरणार? मला न्यायला आलेला मेहुणाच. बिचारा पुढं उभा राहून हँडल धरून बसला, म्हणजे उभाच राहिला. जाड सीट काढून जुनी लावली. मालकीणबाईंनी एका उशीच्या अभ्र्यात पोत्यातल्या चिंध्या भरून तिच्यावर ठेवल्या आणि मूठमूठ काढत, घालत राहिल्या. मास्तर म्हणाले, हे काय चाललंय. त्या म्हणाल्या, कच्ची शिलाई. पक्की करायच्या आधी ट्रायल घेतात, विसरलात का, टेलर ना तुम्ही?

तीस वर्षांच्या संसारात मास्तरांचं माप कुणी घेतलेलं नव्हतं. ते अंग चोरून बसले, पहिल्यांदा सूट शिवायला आलेल्या नवरदेवासारखे.

“श्वास सोडा. पोट आत ओढून मला फसवू नका, मी रोज बघते.”

“अगं, लोक बघताहेत.”

“बघू दे.”

“दाजी, तुम्ही हलू नका हो, मला हँडल जड होतंय,” मेहुणा म्हणाला.

दोन्ही टाचा जमिनीला टेकेपर्यंत चिंध्या कमी केल्या. कोपर जरा वाकलेलं राहील तिथं हात धरायला लावून हँडलची उंची खडूनं भिंतीवर मारली. ठोकळा तीन इंचांचा नको होता, एक इंचाचा पुरला, फक्त हँडल किंचित मागं वळवायचं होतं. पाय ठेवायच्या दांड्या थोड्या पुढं आणि खाली. बाईंनी मापं वहीत लिहिली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं: बसून.

मास्तरांनी सोमवारी फोम स्वतः कापला. घट्ट फोम, मागं रुंद, पुढं निमुळता, म्हणजे पाय खाली सोडताना मांडी अडत नाही. वर कोटाचं उरलेलं जाड कापड, कडेला दुहेरी शिलाई. फिटरनं बाकीचं बसवलं, तारेला ढील दिली, आणि या खेपेला मास्तरांना बसून बघा म्हणायची त्याला गरज पडली नाही. स्पंजचे मऊ हातमोजे तेवढे मुठींवर राहिले. काच परत गेली. मास्तरांना वारा आवडतो, मला पण.

टेकू कुठं गेला विचाराल. बरगड्यांत घुसणारा तो टेकू मालकीणबाईंनी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “हा मागं लावा. मागं टेकायला काही नाही म्हणून मी सहा वर्षं बसले नाही.” मास्तरांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा समज होता, बाईंना माझा राग आहे. मीही हेच समजत होते. मग त्यांचं माप घेतलं, बसवून, अर्थात. टेकू दोन बोटं खाली लावला, पाय ठेवायला एक रुंद पाटी बसवली.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. हेडमास्तरांची पँट मधे, मालकीणबाईंच्या मांडीवर. अर्धा तास रस्ता, खड्डे तेच, वळणं तीच. पोचल्यावर मास्तर उतरले, कमरेवर हात ठेवला नाही. हेडमास्तरांच्या पँटचं एक बटण सैल होतं. मास्तरांनी खिशातून सुई काढली, दोरा ओवला. मी फाटकातून मोजत होते. एक. एकाच खेपेत गेला.

मालकीणबाईंनी बाहेर येऊन माझ्या टाकीवर साचलेली धूळ पदरानं पुसली. “हिला ऑइल बघा हो,” म्हणाल्या. ‘तुमची ती’ वरून ‘हिला’ झालं. सवतीपासून घरच्या माणसापर्यंत यायला पंचवीस वर्षं लागली, पण आले एकदाची.

मेहुण्याचं म्हणाल तर त्यानं पावांसाठी सायकल घेतली. तो परवा मला किक मारायला आला. मी पहिल्या किकेला सुरू झाले. एवढा दचकला बिचारा, की खाली उतरून मला दोन वेळा न्याहाळलं आणि चालतच गेला. म्हातारपणी खोड्या बदलाव्या लागतात.

आता माझं म्हणणं ऐका आणि मग जा. तुमच्याही दारात एखादी माझी बहीण उभी असेल. तिच्यावर काही चढवायच्या आधी, जाहिरातीतला गुबगुबीत फोम बघून हुरळायच्या आधी, एकदा तिच्यावर बसा. आणि माप स्वतः घेऊ नका. ज्या माणसानं तुमची कंबर रोज बघितलीय, त्याच्या हातात टेप द्या. चला, मास्तर आले. मागं बाई पण आहेत. किक मारा हो, आता मला बोलायचं नाही.