खालचा काठ

शहरातली मेट्रो वाढत वाढत पांढुर्ण्यापर्यंत येणार आणि जाम नदी जमिनीखालून ओलांडणार, असं ठरलं. खालची माती तपासायला कंपनीने नदीकाठी शंभर फूट बोअर मारलं आणि वीतभर तोंडाच्या त्या पाइपाजवळ हेमराजला राखणीला बसवलं.

बसवलं तेही नेमकं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी! त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. हेमराजचा बाप, रघुनाथराव, वीस वर्षांमागे या गोटमारीतच गेला होता. तरी पुलाकडचा गलका ऐकून हेमराजचे हात शिवशिवत होते.

तेवढ्यात पाइपात टणटण वाजलं. त्याने कान लावला. खोल खाली गोटे आदळत होते आणि माणसं ओरडत होती.

"काय होऊन राहिलं बाप्पा हे?"

तो मागे सरकला, तोच एक ओला गोटा पाइपातून उसळून त्याच्या पायाशी पडला. पांढुर्ण्याचा माणूस आलेला गोटा ठेवून घेत नाही. विचार करण्याआधीच हेमराजने तो उचलून पाइपात हाणला.

खाली एकदम सामसूम झाली. मग बापाचा तोच घोगरा आवाज आला.

"सावरगावचा गोटा आला रे पोट्टेहो! हाणा!"

"बाबा, मी पांढुर्ण्याचाच आहो!" हेमराज पाइपात तोंड घालून ओरडला.

पाइपाच्या तळापासून गोट्यांचा खडखडाट वर येऊ लागला होता.