भट्टीच्या पलीकडे

आमच्या शहराचा तट रोज पहाटे एका घराने आत सरकतो. आदल्या संध्याकाळी ज्याच्यावर संशय घेतला गेला, त्याचं घर सकाळी तटाबाहेर सापडतं. बाहेर जेरुसलेम घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती फिरंग्यांची छावणी आहे. दुपारपर्यंत त्या घरातून धूर येतो. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला पायही आहेत, त्याला कोण काय करणार?

मी बुत्रुस, ख्रिस्ती. इद्रीस मुसलमान. भट्टी दोघांची, वीस वर्षांची. पीठ तो मळतो, भाजतो मी, भांडतो दोघंही. पहिल्या रोटीवर बोटाने क्रूस काढायचा, ही माझ्या आईची सवय माझ्या हाताला लागली. इतक्या वर्षांत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. वेढा पडल्यापासून मात्र मी हात आवरत होतो. काल विसरलो, आणि नेमकी तीच रोटी पहाऱ्याच्या नायकाकडे गेली.

संध्याकाळी नायक रोटी घेऊन दारात आला.

"हे कुणी काढलं?"

मी भट्टीकडे तोंड फिरवलं.

"मी," इद्रीस म्हणाला. "भाजताना फुटू नये म्हणून चिरा देतो, मालक. ह्याला कुठे एवढी अक्कल?"

नायकाने रोटी मोडून खाल्ली आणि तो निघून गेला.

मी इद्रीसचे पाय धरायला हवे होते. जीव वाचवला हो त्याने माझा. पण मी मेला जन्माचा संशयी. हात धुताना मनात आलं, इतकं सफाईदार खोटं हा कुठे शिकला? उद्या फिरंगी आत आले तर ख्रिस्त्याची ओळख कामाला येईल, म्हणून तर मला जपत नाही? मी बोललो नाही. शपथेवर सांगतो, ओठसुद्धा हलवले नाहीत.

सकाळी तट भट्टीच्या मधोमध उभा होता. परात, पिठाची पोती, इद्रीसची खोली, सगळं पलीकडे. माझ्या बाजूला भट्टीचं तोंड तेवढं उरलं होतं.

नायक तटाकडे बघत राहिला. "मी तर नव्हता घेतला इद्रीसवर संशय. कुणी घेतला?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

तो गेल्यावर मी रोटीचं लांब फावडं भट्टीत सरकवलं. हात खांद्यापर्यंत आत गेला, तरी मागची भिंत लागेना.

"इद्रीस, मी आहे. फावडं धर, मी ओढतो."

पलीकडून कुणीतरी फावडं धरलं.

"इद्रीस, बोल की काहीतरी."

इद्रीस की फिरंगी, कळेना. धरणाऱ्याने ओढलं नाही, सोडलंही नाही. निखाऱ्यांनी माझी बाही करपायला लागली. माझा एक हात दांड्यावर होता. दुसरा भट्टीचं झाकण शोधत होता.