धर्मेंद्र मंडईले येत होता

माजा भाऊ धर्मेंद्र आमच्या नवेगाव बांधच्या मंडईले कधी आला नाही. दिवाळी झाली की मी दरसाल फोन करायची. "पिकअपले भाडं लागलं, रेणू," म्हणायचा मेला. मंडईच्या जत्रेले गावभर पाव्हणे, नाटकाचा मांडव, अन् माज्याच घरी माहेरचं कोणी नाही. सासूचे टोमणे मी खायची.

मागच्या साली मंडईतच निवडणूक आली. धर्मेंद्रची पिकअप आमदारसाहेबाच्या प्रचारात लागली. मंडईच्याच दिवशी सभेचं जेवण घेऊन आमच्या रस्त्यानं येऊन राहिला होता. वळणावर ट्रकनं उडवलं. जागीच गेला. रस्ताभर भात सांडला होता.

तेरवी व्हायची होती, तं साहेबाचा खर्च पाहणारा मुन्नालाल फुलचूरले धर्मेंद्रच्या घरी आला. मुडदा बसो त्याचा! खर्चाची सरकारी हद्द यायनं केव्हाच ओलांडली होती, म्हणून ही गाडी कागदावर नव्हतीच.

"गाडी प्रचार में थी बोलोगे तो साहब फँसेंगे, बहनजी," मले म्हणाला. "बोलो, बहन के यहाँ मंडई में जा रहा था. खाना मेहमानों का था."

बदल्यात वहिनीले, आचलले, साहेबाच्या आश्रमशाळेत नोकरी. आचलच्या कडेवर लेकरू होतं. तिनं नुसतं माज्याकडे पाहिलं.

मी पोलिसाले तसंच सांगितलं. रडू आलं नाही, रागही आला नाही. दुसरंच कोणी बोलून राहिलं असं वाटलं.

साहेब निवडून आले. आचल नोकरीवर लागली, खोटं कायले बोलू? आई गावावरून तिच्याजवळ राहायले आली. आईच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तिले खरं कोणी सांगितलंच नाही.

औंदा मंडईले तिले आणायले मी फुलचूरले गेली. लुगडंही घेतलं होतं. तिनं हात लावला नाही.

"कायले बोलावलं व तुनं त्याले?" आई म्हणाली. "नसतं बोलावलं तं माजा पोरगा जिता असता."

आत आचल चहा करत होती. कपांचा आवाज थांबला.

"लय आठवण येऊन राहिली होती, आई," मी म्हटलं. "म्हणून बोलावलं."

आईनं लुगडं जवळ ओढलं.

"अन् तो येतो म्हणला होता?"

"हो," मी म्हटलं. "लगेच हो म्हणला."