शेवटची ओळ

"ग, प, ब, स," ड्रायव्हरकाकांनी एका दमात वाचून टाकलं.

डोळे तपासणाऱ्या बाईंनी नेहमीसारखा शिक्का उचलला. भिंतीवरचा तक्ता अठरा वर्षं तोच होता. छापणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण सगळ्यात बारीक अक्षरांची शेवटची ओळ सरळ 'गप बस' अशी लागायची. शाळेच्या बसचे झाडून सगळे ड्रायव्हर ती पाठ करूनच खुर्चीत बसायचे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि बाईंना ठाऊक आहे हे ड्रायव्हरांनाही ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी.

"शिक्का नका मारू, ताई."

"का हो काका?"

"मी वाचलं नाही. नुसतं म्हटलं. वरच्या दोन ओळी दिसतात, खाली सगळं धुकं."

बाईंनी दाराकडे पाहिलं. बंद होतं. "चष्मा बदला की."

"तीनदा बदलला. डोळ्यातला पडदाच गेलाय म्हणतात डॉक्टर."

बाईंनी समोरच्या कागदावरची जन्मतारीख पाहिली आणि आवाज खाली आणला. "निवृत्तीला अकरा महिने तर राहिलेत. घरात दुसरं कमावतं कोणी आहे?"

"नाही."

"मग तक्ता सांगतोय तेवढं ऐका ना. गप बसा."

काका मोकळेपणानं हसले. "तेच ठरवून आलो होतो. पण रविवारी चर्चमध्ये मला धडा वाचायला उभं केलं. वाचतोय कसला! पाठ होता, म्हणून दाखवला. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असू द्या. सगळे आमेन म्हणाले. खाली बसलो तर लेक कानात म्हणते, बाबा, पुस्तक उलटं धरलं होतं तुम्ही."

बाईंना हसू फुटलं, पण काका आता हसत नव्हते.

"खरं बोला, हे वाक्य मी खोटं वाचलं, ताई. तेही देवाच्या घरात. तरी सोमवारी बस काढलीच. वळणावर खांब दिसला. म्हटलं, हा इथं कधी रोवला? तर खांब चालायला लागला. म्हातारी होती एक. कशीबशी वाचली. मागं चाळीस पोरं गाणी म्हणत होती."

बाईंच्या अंगावर काटा आला. अठरा वर्षांत त्या खुर्चीवरून 'दिसत नाही' हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. हा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःच्या पोटावर पाय देत होता आणि त्याचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. इतकं मोठं काही आपल्या या कोंदट खोलीत घडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आपण डोळ्यांवर कातडं ओढून किती जणांना पास केलं, ते मात्र त्यांना आठवेना.

त्यांनी कागदावर 'अयोग्य' लिहिलं.

"सही कुठं करू? ओळ दिसत नाही."

बाईंनी त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. काकांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली, "येतो ताई" म्हणाले आणि भिंतीला हात लावत जिना उतरले.

बाईंनी खुर्चीवर चढून तक्ता काढला. गुंडाळी करून कपाटामागे टाकला आणि पुढच्याला हाक मारली.

"ग, प..." तो बसता बसताच सुरू झाला आणि मध्येच अडकला. "बाई, तक्ता कुठं गेला?"

बाई खिडकीपाशी होत्या. खाली काकांची बस उभी होती. सगळ्या ड्रायव्हरांना सकाळी काकांनीच तिच्यातून आणलं होतं. काका सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराकडे गेले. दांडीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मग किल्ली खाली उभ्या असलेल्या जोडीदार ड्रायव्हरच्या हातात दिली, बसला वळसा घातला आणि पोरं चढतात त्या दारानं, पायानं पायरी चाचपत, वर चढले.