अकरा मिनिटांची हाक

नारीन शहराच्या इस्पितळात वायफाय रडतखडत चाललं की शिव्या एकाच माणसाला, तेमिरकुलला. नेटवर्क त्याच्याच ताब्यात ना! शेवटी वैतागून तो नव्या इमारतीतले सगळे अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचे डबे, उघडून बसला. नर्सचे फोन एकाच पॉइंटला चिकटून राहायचे. चालता चालता ते पुढचा पॉइंट धरतील अशी सोय त्याने केली. ती छानच झाली. मग हात चालतोच आहे म्हणून आणखी एक सेटिंग बदललं: सगळ्यांना एकदम जाणारे निरोप अडवायचे. त्या गलक्याने नेटवर्क तुंबतं, हे त्याला पक्कं ठाऊक. पण खाटेजवळच्या यंत्राची धोक्याची हाक नर्सच्या फोनवर तशीच सगळ्यांना एकदम जाते, हे विचारायला तो वॉर्डात फिरकलाच नाही. म्हणतात ना, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

"अरे, पळतंय की तुझं वायफाय!" डॉक्टर म्हणाले. तोही खूश झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सात नंबरच्या खाटेवर सापारअली म्हातारा गेला. नर्स गुलसून तेव्हा दुसऱ्या टोकाला एकाला सलाईन लावत होती. मोठ्या नर्सबाईंनी तिच्या फोनवर कॉल करून पाहिला, तर तो खणखणीत वाजला; एकटीला केलेला कॉल कुठे अडत होता! झालं!

"वाजत होता, तू लक्ष दिलं नाहीस."

"नाही हो वाजला, लेकरांची शपथ!"

कोण ऐकतो? तिला घरी बसवलं.

तेमिरकुलने नोंदी काढल्या. यंत्र अकरा मिनिटं हाका पाठवत होतं, एकही फोनपर्यंत पोचली नव्हती. त्याने सेटिंग गुपचूप पूर्ववत केलं आणि दोन दिवस तोंड उघडलं नाही. बाई बदनाम होत होती आणि हा गडी मूग गिळून बसला होता.

दफनाच्या दिवशी म्हाताऱ्याच्या अंगणात नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभा होता. अशा दारी पुरुषाने लांबूनच मोठ्याने रडत यायचं असतं. तेमिरकुलही गळा काढत आला. फाटकाबाहेर गुलसून उभी होती आणि म्हाताऱ्याचा मुलगा तिला आत सोडत नव्हता.

"माझ्या बापाला मारलंस, वर इथे तोंड दाखवतेस?"

तेमिरकुल रडणं थांबवून पुढे झाला. "तिला बोलू नका. यंत्राची हाक मी बंद केली होती. चुकून, पण मीच."

मुलाने त्याची गचांडी धरली. "मला काय सांगतोस? आत आई आहे. तिला तोंडावर सांग."

तंबूत म्हातारी रिवाजाप्रमाणे तंबूच्या नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून, पाठमोरी बसली होती. त्याने गुडघे टेकून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे यांच्यासाठी हाक गेली होती?" तिने विचारलं.

"गेली होती, आपा. अकरा मिनिटं. मीच ती कुणाला ऐकू दिली नाही."

ती मान न वळवता म्हणाली, "आणि ती पोर अजून बाहेर उभी आहे? ऊठ. तूच जा, हाताला धरून आत आण तिला."